पहिली आवृत्ती स्वखर्चाची, दुसरी प्रकाशकाची

देवगड तालुक्यातील पोंभुर्ले येथे जन्मलेल्या बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत ‘दर्पण’ हे पत्र सुरू केले. मराठी वृत्तपत्रांचा प्रारंभ त्या दिवसापासून मानला जातो. मजकूर सिद्ध करणे, तो छापून घेणे, वर्गणीदार मिळवणे आणि खर्चाची तोंडमिळवणी करणे ही सारी कामे पत्र चालवणाऱ्यांनाच पार पाडावी लागत. १८४० मध्ये ‘दर्पण’ बंद झाले. छापील शब्द वाचकापर्यंत नेण्यासाठी लेखणीइतकीच व्यवस्थेचीही गरज असते, हा धडा मात्र मागे राहिला. स्वतःच्या पैशाने पहिली कादंबरी छापणारा लेखक प्रकाशनसंस्थेपर्यंत कसा पोहोचतो, हा आजचा विषय त्या धड्याशीच निगडित आहे. त्या वाटेवर लेखक काय मिळवतो, काय गमावण्याचा धोका पत्करतो, आणि गावातील शिक्षक, ग्रंथपाल, पंचायत सदस्य व शासकीय अधिकारी यांचा त्याच्याशी कोणता संबंध येतो, याचा विचार येथे करावयाचा आहे.

किनाऱ्यावरील लेखणी

सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आला. आकाराने लहान असलेल्या या जिल्ह्याचे मराठी वाङ्मयातील स्थान मोठे आहे. शिरोड्याच्या शाळेत वि. स. खांडेकर १९२० पासून १९३८ पर्यंत शिक्षक होते. पुढे ‘ययाती’ या कादंबरीसाठी त्यांना १९७४ चा ज्ञानपीठ पुरस्कार मिळाला. देवगड तालुक्यातील धालवलीत जन्मलेल्या विंदा करंदीकरांना २००३ चा ज्ञानपीठ पुरस्कार लाभला. आरवलीचे जयवंत दळवी, वेंगुर्ल्याचे मंगेश पाडगांवकर, ‘आरती प्रभू’ या नावाने कविता लिहिणारे चिं. त्र्यं. खानोलकर ही नावे महाराष्ट्राला सांगावी लागत नाहीत.

या नामावळीचा अभिमान रास्त आहे. तथापि तिच्यामुळे एक गैरसमजही रूढ होतो. ज्याच्या अंगी गुण आहे त्याला प्रकाशक आपोआप मिळतो, असे मानले जाते. खानोलकरांचेच उदाहरण घ्यावे. कुडाळला खानावळ चालवणाऱ्या या तरुणाची कविता १९५४ मध्ये मुंबईच्या ‘सत्यकथा’ मासिकात प्रसिद्ध झाली आणि श्री. पु. भागवतांसारख्या संपादकाची नजर तिच्यावर पडली. पुढे ‘कोंडुरा’सारखी, वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावरील स्थळाचे नाव धारण करणारी कादंबरी १९६६ मध्ये आली आणि १९७८ मध्ये श्याम बेनेगलांनी तिच्यावर चित्रपट काढला. येथे गुण होता हे खरेच. पण गुणाची पारख करणारे मासिकही होते. टपालाने आलेले अनोळखी माणसाचे लेखन वाचावयाचे, पसंत पडल्यास छापावयाचे आणि त्याला ग्रंथापर्यंत नेण्याचा मार्ग मोकळा करावयाचा, ही ती परंपरा होती. ‘सत्यकथा’ १९८२ मध्ये बंद पडले. वाङ्मयीन मासिकांचा हा दरवाजा जसजसा अरुंद होत गेला, तसतसा दूरच्या गावातील नव्या लेखकाला स्वतःच छापखान्याची पायरी चढण्यावाचून पर्याय उरला नाही.

पाचशे प्रतींचा हिशेब

मालवण, आचरे किंवा वेंगुर्ले परिसरातील एखादा शिक्षक अनेक वर्षे खपून कादंबरी लिहितो. रापणीचे जाळे ओढणारी माणसे, मुंबईला गेलेल्या मुलाच्या मनीऑर्डरीवर चाललेली घरे, गावऱ्हाटीतील मानपानाचे तंटे, खाजणातील शेती असा तिचा विषय असतो. संवाद मालवणीत असतात. बाड पुण्या-मुंबईला पाठवले जाते. काही ठिकाणांहून नकार येतो, बऱ्याच ठिकाणांहून उत्तरच येत नाही. बोलीतील संवाद इतर भागांतील वाचकाला कळतील काय, अशी शंका प्रकाशकाला वाटणे अगदीच अस्वाभाविक नसते. ती शंका रंगभूमीने मात्र पूर्वीच खोटी ठरवली आहे. गंगाराम गवाणकरांचे ‘वस्त्रहरण’ १९८० मध्ये रंगमंचावर आले आणि मच्छिंद्र कांबळी यांच्या अभिनयाने मालवणी बोली साऱ्या महाराष्ट्राच्या कानी नेली. बोलीचा अर्थ प्रेक्षकाला समजावून द्यावा लागला नाही. तरीही लेखकाचा धीर सुटतो आणि तो स्वखर्चाने छापण्याचे ठरवतो.

येथून पुढचा प्रश्न अंकगणिताचा आहे. एक फर्मा सोळा पृष्ठांचा धरला तर २०८ पृष्ठांच्या कादंबरीचे तेरा फर्मे होतात. अक्षरजुळणी, मुद्रितशोधन, मुखपृष्ठ आणि छपाईच्या प्लेटा यांचा खर्च प्रती शंभर असोत वा हजार, एकदाच करावा लागतो. म्हणून प्रती थोड्या काढल्या की प्रत्येक प्रत महाग पडते, आणि जास्त काढल्या की त्या ठेवावयाच्या कोठे, हा प्रश्न पडतो. समजा, ५०० प्रती काढल्या आणि किंमत ३०० रुपये ठेवली. कागद, छपाई व बांधणी यांना प्रतीमागे ११० रुपये, म्हणजे एकूण ५५,००० रुपये लागले. जुळणी, शोधन व मुखपृष्ठ यांसाठी आणखी १५,००० रुपये गेले. गुंतवणूक ७०,००० रुपये झाली. विक्रेत्याला शेकडा चाळीस सूट द्यावी लागली, तर हाती १८० रुपये येतात. पाठवणीचे वीस रुपये वजा जाता १६० उरतात. या हिशेबाने घातलेले पैसे परत येण्यासाठीच ४३८ प्रती विकल्या जाव्या लागतात. आणि आप्तेष्टांना, सहकाऱ्यांना व मान्यवरांना शंभर प्रती ‘सप्रेम भेट’ दिल्या, तर उरलेल्या चारशेच्या चारशे खपूनही ६,००० रुपयांची खोट येते. आकडे उदाहरणादाखल घेतलेले आहेत. गावागणिक व छापखान्यागणिक ते बदलतील. परंतु भेट म्हणून गेलेली प्रत हीच स्वखर्चाच्या प्रकाशनातील सर्वांत महाग प्रत असते, हा निष्कर्ष बदलणार नाही.

अलीकडे मागणीनुसार एकेक प्रत छापण्याची सोय झाली आहे. त्यामुळे माळ्यावर गठ्ठे साठवण्याचे संकट टळते. वाचक मिळवण्याचे काम मात्र तिने हलके झालेले नाही.

मुंबईतील दोन वाटा

स्वखर्चाने निघालेली कादंबरी प्रकाशनसंस्थेपर्यंत कशी पोहोचते, याची दोन ठळक उदाहरणे महाराष्ट्राच्याच राजधानीत घडली. दोन्ही लेखक इंग्रजीत लिहिणारे. परंतु त्यांच्या अनुभवातील व्यवहार कोणत्याही भाषेला लागू पडणारा आहे.

पहिले अश्विन संघी. व्यापारी घराण्यातील या लेखकाने ‘द रोझाबाल लाइन’ ही कादंबरी लिहिली. प्रकाशकांनी ती स्वीकारली नाही. तेव्हा त्यांनी ‘लुलू’ या अमेरिकन संस्थेच्या साहाय्याने २००७ मध्ये ती स्वतःच प्रसिद्ध केली, तीही स्वतःच्या नावाची अक्षरे फिरवून तयार केलेल्या ‘शॉन हेगिन्स’ या टोपणनावाने. पुढच्याच वर्षी वेस्टलँड या भारतीय प्रकाशनसंस्थेने ती त्यांच्या खऱ्या नावाने बाजारात आणली. छापील स्वरूपात समोर आलेले पुस्तक प्रकाशकाला बाडापेक्षा अधिक विश्वासार्ह वाटले, असे म्हणावयास हरकत नाही.

दुसरे अमीश त्रिपाठी. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात व कलकत्त्याच्या व्यवस्थापन संस्थेत शिकलेले आणि बँक व विमा क्षेत्रात नोकरी करणारे त्रिपाठी ‘द इमॉर्टल्स ऑफ मेलुहा’ हे बाड घेऊन प्रकाशकांकडे गेले. एकामागून एक नकार आले. अखेर त्यांचे वाङ्मयीन प्रतिनिधी अनुज बाहरी यांनीच ते छापण्याचे ठरवले आणि प्रचाराचा भार लेखकाने उचलला. पुस्तक फेब्रुवारी २०१० मध्ये निघाले. त्रिपाठींनी केलेली युक्ती साधी होती. पहिले प्रकरण वेगळे काढून ते वाचकांना विनामूल्य वाचावयास दिले. ज्याला गोडी लागेल तो उरलेले पुस्तक विकत घेईल, हा त्यामागील विश्वास होता, आणि तो खरा ठरला. त्यानंतर वेस्टलँडने हे पुस्तक आपल्याकडे घेतले. मालिकेचा दुसरा भाग २०११ मध्ये आणि तिसरा २०१३ मध्ये त्याच संस्थेने काढला. मराठीसह अनेक भारतीय भाषांत या कादंबऱ्यांचे अनुवाद झाले.

या दोन्ही उदाहरणांत एक समान सूत्र आहे. लेखकाने पुस्तक छापले एवढ्यावर प्रकाशक आला नाही. पुस्तकाला वाचक आहे हे दिसल्यावर तो आला. स्वखर्चाची आवृत्ती ही एका अर्थाने वाचकांची शिरगणती असते. कपाटात पडून राहिलेल्या पाचशे प्रतींनी प्रकाशकाला काहीच कळत नाही. परंतु दोनशे प्रती अनोळखी वाचकांनी पैसे मोजून नेल्या, चार ग्रंथालयांत पुस्तकासाठी नावे नोंदवली गेली, एखाद्या महाविद्यालयात त्यावर चर्चा झाली, तर तेवढा पुरावा पुरेसा बोलका असतो.

अर्थात मुंबईच्या या लेखकांपाशी व्यवसायातील अनुभव होता आणि प्रचारासाठी पैसाही होता. किनाऱ्यावरील शिक्षकापाशी यांपैकी काही नसते. त्याच्यापाशी काय असते, याकडे पुढे वळावयाचे आहे. त्यापूर्वी इतिहासातील तीन प्रसंग पाहणे उपयुक्त ठरेल.

खांडेकर, प्रूस्त आणि प्रेमचंद

शिरोडे सोडून कोल्हापुरास गेलेल्या खांडेकरांनी १९४२ मध्ये कुसुमाग्रजांचा ‘विशाखा’ हा काव्यसंग्रह स्वतःच्या खर्चाने प्रसिद्ध केला आणि त्याला प्रस्तावना लिहिली. तोपर्यंत खांडेकर कादंबरीकार म्हणून सर्वमान्य झाले होते. त्यांनी आपले नाव आणि आपला पैसा एका तरुण कवीच्या मागे उभा केला. ‘विशाखा’च्या आवृत्त्यांमागून आवृत्त्या निघाल्या आणि कुसुमाग्रजांना १९८७ चा ज्ञानपीठ पुरस्कार मिळाला. स्वखर्च आणि प्रकाशनसंस्था यांच्यामध्ये एक तिसरी पायरी असू शकते, ती म्हणजे जाणत्या वडीलधाऱ्या लेखकाचा आधार. पुस्तक कवितेचे असो वा कादंबरीचे, ही पायरी ज्या भागात शाबूत असते तेथे नवा लेखक एकाकी पडत नाही.

दुसरा प्रसंग फ्रान्समधील. मार्सेल प्रूस्त यांच्या महाकादंबरीचा पहिला खंड पॅरिसच्या अनेक प्रकाशकांनी नाकारला. नकार देणाऱ्यांत आंद्रे जीद यांच्यासारखे मर्मज्ञ लेखक होते. प्रूस्तांनी १९१३ मध्ये ग्रासे या प्रकाशकाकडून तो स्वतःच्या पैशाने छापून घेतला. पुस्तक वाचल्यावर जीदांनी पत्र लिहून आपली चूक कबूल केली. पुढे ज्या संस्थेने नकार दिला होता तिनेच प्रूस्तांना आपल्याकडे घेतले. दुसरा खंड तिने १९१९ मध्ये प्रसिद्ध केला आणि त्याच वर्षी त्याला फ्रान्सचा मानाचा गाँकूर पुरस्कार मिळाला. पहिला नकार हा शेवटचा निकाल असतोच असे नाही, हे यावरून दिसते. मात्र स्वखर्चाने छापलेले प्रत्येक पुस्तक प्रूस्तांचे नसते, हेही लेखकाने स्वतःला बजावावे.

तिसरा प्रसंग प्रेमचंदांचा. त्यांनी १९२३ मध्ये बनारसला सरस्वती प्रेस काढला आणि पुढे ‘हंस’ मासिक सुरू केले. छापखाना आणि नियतकालिके यांच्या तोट्याने हा थोर कादंबरीकार सतत गांजलेला राहिला. १९३४ मध्ये चित्रपटासाठी लिहिण्याकरिता ते मुंबईला आले, त्यामागे हा आर्थिक ताण होता. वर्षभरातच ते परत गेले. लेखकाने मुद्रक, विक्रेता आणि वसुली कारकून व्हावयाचे ठरवले, तर लेखनासाठी लागणारा वेळ व स्वास्थ्य कोठून आणावयाचे, हा प्रश्न प्रेमचंदांनाही सुटला नाही. प्रकाशनसंस्थेची गरज येथेच सिद्ध होते.

प्रकाशनसंस्था काय करते

प्रकाशक म्हणजे पुस्तक छापून देणारा, अशी समजूत सर्वत्र आढळते. छपाई हे त्याचे सर्वांत सोपे काम होय. चांगली संस्था प्रथम बाड वाचते आणि लेखकाला त्यातील दुबळ्या जागा दाखवते. कोणते प्रकरण लांबले आहे, कोणते पात्र अर्ध्यावर हरवले आहे, मालवणी संवादांतील शब्दांची रूपे सगळीकडे सारखी राहिली आहेत की नाहीत, हे ती पाहते. स्वखर्चाने छापलेल्या पुस्तकांत सर्वाधिक उणीव असते ती याच संस्काराची. त्यानंतर मुद्रितशोधन, मुखपृष्ठ, किंमत ठरवणे, राज्यभरातील विक्रेत्यांकडे प्रती पाठवणे, परीक्षणासाठी नियतकालिकांकडे देणे, येणे वसूल करणे, पुरस्कारांसाठी पाठवणे आणि प्रती संपल्यावर पुढील आवृत्ती काढणे, ही कामे येतात. यांतील बहुतेक कामे मालवणात बसून एका माणसाला करता येत नाहीत.

म्हणून प्रकाशनसंस्थेकडे जाणे म्हणजे लेखकाने कोणाच्या आश्रयाला जाणे नव्हे. ती श्रमाची वाटणी आहे. लिहिण्याचा भार लेखकाने वाहावा, पुस्तक फिरवण्याचा भार संस्थेने वाहावा आणि उत्पन्नाची वाटणी लेखी ठरावी, एवढाच तिचा अर्थ आहे. जो प्रकाशक खर्चाची सर्व रक्कम लेखकाकडून आगाऊ घेतो आणि विक्रीची कोणतीही जबाबदारी पत्करत नाही, तो या अर्थाने प्रकाशक नसून छपाईचा ठेकेदार आहे. छपाईची ठेकेदारी हा काही गैर धंदा नव्हे. परंतु ठेकेदाराला प्रताधिकार देऊन टाकण्याचे कोणतेही कारण नाही, हे लेखकाने ध्यानी ठेवले पाहिजे.

कराराचा कागद

लेखकाची खरी मालमत्ता त्याच्या घरातील प्रती ही नसून प्रताधिकार ही आहे. भारतीय प्रताधिकार अधिनियम, १९५७ या कायद्यानुसार लेखकाचा हक्क त्याच्या हयातीत आणि मृत्यूनंतर साठ वर्षे टिकतो. त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही. लेखन सिद्ध होताच हक्क निर्माण होतो. हा हक्क दुसऱ्याकडे सोपवावयाचा झाल्यास तो लेखी आणि स्वाक्षरीनिशीच सोपवावा लागतो. कोणते हक्क, किती मुदतीसाठी, कोणत्या प्रदेशापुरते आणि किती मानधनावर दिले, हे कागदावर यावे लागते. मुदत लिहिलेली नसेल, तर ती पाच वर्षांची मानली जाते. प्रदेश लिहिलेला नसेल, तर हक्क भारतापुरताच दिला असे धरले जाते. हक्क घेणाऱ्याने एका वर्षात त्याचा उपयोग केला नाही, तर करारात निराळे काही म्हटलेले नसल्यास तो हक्क संपुष्टात येतो.

कायद्याने दिलेले हे संरक्षण लेखकाला माहीत नसते. पहिले पुस्तक प्रकाशक घेतो आहे या आनंदात तो दहा मानार्थ प्रतींच्या बदल्यात अनुवाद, नाट्यरूपांतर, चित्रपट आणि ध्वनिमुद्रण या साऱ्यांवर कायमचे पाणी सोडतो. खानोलकरांच्या ‘कोंडुरा’वर आणि ‘चानी’वर चित्रपट निघाले, हे लक्षात घेतले म्हणजे किनाऱ्यावरील कादंबरीचे हे इतर हक्क किती मोलाचे ठरू शकतात याची कल्पना येईल.

कराराचे महत्त्व सांगणारी एक घटना अगदी अलीकडची आहे. ज्या वेस्टलँडने संघी आणि त्रिपाठी यांना स्वप्रकाशनातून वर आणले, ती संस्था २०१६ मध्ये ॲमेझॉन या कंपनीने घेतली आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये ती बंद करण्याची घोषणा झाली. वेस्टलँडच्या लेखकांसमोर अनिश्चितता उभी राहिली. पुस्तकांचे हक्क लेखकांकडे परत आले म्हणूनच त्यांना नवी व्यवस्था शोधता आली. त्रिपाठींची पुस्तके हार्परकॉलिन्सकडे गेली, आणि वेस्टलँडच्या जुन्या सहकाऱ्यांनी त्याच वर्षी प्रतिलिपी या संस्थेच्या साहाय्याने पुन्हा काम सुरू केले. मोठी संस्था देखील कायमची नसते. करारात हक्क परत मिळण्याचे कलम असणे हे लेखकासाठी घराच्या सातबाऱ्याइतकेच महत्त्वाचे होय. आवृत्ती संपल्यावर ठरावीक मुदतीत नवी न काढल्यास हक्क परत, संस्था बंद झाल्यास हक्क परत, आणि दरवर्षी विक्रीचा लेखी हिशेब, ही तीन कलमे प्रत्येक नव्या कादंबरीकाराने मागावीत. ती मागितल्याने चांगला प्रकाशक दुखावत नाही.

स्वतः छापणाऱ्यालाही काही कर्तव्ये आहेत. पुस्तक प्रसिद्ध झाल्यापासून तीस दिवसांच्या आत १९५४ च्या ग्रंथप्रदान कायद्यानुसार कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयास व अन्य तीन ठरवून दिलेल्या ग्रंथालयांस प्रत्येकी एक प्रत स्वखर्चाने पाठवावी लागते. मुंबईतील एशियाटिक सोसायटीच्या इमारतीतील मध्यवर्ती ग्रंथालय हे त्यांपैकी एक आहे. तसेच पुस्तकाला आयएसबीएन हा आंतरराष्ट्रीय क्रमांक घ्यावा. दिल्ली येथील राजा राममोहन राय संस्था तो विनामूल्य देते आणि लेखक-प्रकाशकालाही तो मिळू शकतो. या दोन गोष्टी न केल्यास पुस्तक छापले जाते, पण ग्रंथसूचीत येत नाही.

गावाची जबाबदारी

आता किनाऱ्यावरील शिक्षकापाशी काय असते, या प्रश्नाकडे येऊ. त्याच्यापाशी ग्रंथालये आहेत. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ मध्ये झाला आणि त्यातून गावोगावच्या वाचनालयांना वर्गवारीप्रमाणे अनुदान मिळू लागले. मालवणचे नगर वाचन मंदिर, सावंतवाडीचे श्रीराम वाचन मंदिर, वेंगुर्ल्याचे नगर वाचनालय यांसारख्या संस्थांनी या भागात वाचनाची सवय पिढ्यान्‌पिढ्या जोपासली. त्याच्यापाशी शाळा आहेत. मधु मंगेश कर्णिकांच्या पुढाकाराने १९९१ मध्ये स्थापन झालेली कोकण मराठी साहित्य परिषद आहे. जिल्ह्याजिल्ह्यांत भरणारे ग्रंथोत्सव आहेत. मुंबईच्या लेखकाने जे पैशाने साधले, ते येथे संस्थांच्या सहकार्याने साधता येईल.

त्यासाठी काही साध्या गोष्टी पुरेशा आहेत. तालुक्यातील लेखकाची पहिली कादंबरी निघाली, तर ग्रंथालयाने तिची भेटप्रत स्वीकारण्याऐवजी ती विकत घ्यावी. वर सांगितलेल्या हिशेबात शंभर भेटप्रतींनी जी खोट आणली, ती अशाने भरून निघते. ग्रंथपालाने पुस्तक किती वाचकांनी नेले याची नोंद नीट ठेवावी. लेखक प्रकाशकाकडे जाताना हा आकडा कोणत्याही शिफारसपत्रापेक्षा अधिक उपयोगी पडतो. शिक्षकांनी पुस्तकावर शाळा-महाविद्यालयांत चर्चा घडवावी. चर्चेत उणिवा स्पष्टपणे सांगाव्यात. गावचा लेखक म्हणून केवळ हार-तुरे दिल्याने दुसरी कादंबरी सुधारत नाही. पंचायतीने प्रकाशन समारंभाच्या मंडपावर जेवढा खर्च होतो, तेवढ्याच रकमेची पुस्तके घेऊन शाळांना व अभ्यासिकेला द्यावीत.

शासनाचे साहाय्यही उपलब्ध आहे. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या अध्यक्षतेखाली १९६० मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना पहिल्या पुस्तकासाठी आहे. ती पहिल्या पुस्तकासाठी असल्यामुळे, स्वखर्चाने छापण्याचा निर्णय घेण्यापूर्वीच तिचा विचार करणे शहाणपणाचे ठरेल. राज्याच्या वाङ्मय पुरस्कारांत प्रथम प्रकाशित कादंबरीसाठी, दापोली परिसराला कादंबरीत अजरामर करणाऱ्या श्री. ना. पेंडसे यांच्या नावाचा स्वतंत्र पुरस्कार आहे. या योजनांची माहिती तालुक्याच्या ठिकाणी पोहोचत नाही, ही खरी अडचण आहे. गटशिक्षणाधिकारी कार्यालय, ग्रामपंचायत आणि सार्वजनिक वाचनालय यांच्या सूचनाफलकांवर ती लागली, तरी बरेच काम होईल.

श्रोतेहो, प्रत्येक स्वखर्चाची कादंबरी प्रकाशकाच्या दारी जाण्यास पात्र असते असे नाही, आणि जी जाणार नाही तिच्या लेखकाचे श्रम वाया गेले असेही नाही. गावच्या बोलीचा, गावच्या श्रमाचा एक लेखी दस्तऐवज त्यातून उरतो. परंतु जी कादंबरी खरोखर पात्र आहे, ती केवळ वाचक न मिळाल्यामुळे आणि लेखकाला कराराचे कागद वाचता न आल्यामुळे माळ्यावरच्या गठ्ठ्यात कसरीच्या स्वाधीन होणे हे जिल्ह्याचे नुकसान आहे. पहिली आवृत्ती लेखकाने स्वतःच्या हिमतीवर काढावी. ती दुसऱ्या आवृत्तीपर्यंत पोहोचते की नाही, हे ठरवण्यात वाचनालयाच्या खरेदी-यादीचा, शाळेच्या चर्चेचा आणि ग्रामपंचायतीच्या ठरावाचा वाटा लेखकाइतकाच मोठा आहे. येत्या वर्षाची ग्रंथखरेदी ठरवताना आपल्या तालुक्यातील एका तरी नव्या कादंबरीचे नाव त्या यादीत असावे, एवढी अपेक्षा वाजवी ठरेल.